भाव सांगण्याआधी कागद मागणारा एजंट

प्रश्न असा आहे: कोथरूडमध्ये २००६ साली ताबा मिळालेला दोन बेडरूमचा फ्लॅट विकायचा आहे. कार्पेट (भिंतींच्या आतली वापरायची जागा) ७२० चौरस फूट, सोसायटी नोंदणीकृत. मालक नाशिकला राहतात, फ्लॅट रिकामा आहे. तीन एजंट बघून गेले. पहिला म्हणाला, "१ कोटी ३५ लाखांना आरामात जाईल." दुसऱ्याने १ कोटी २० लाख सांगितले. तिसऱ्याने आकडा न देता विचारलं, "तुम्हाला हातात किती पाहिजेत?" काम कोणाला द्यावं, एकालाच द्यावं की तिघांना, आणि ब्रोकरेज किती ठरवावं?

तिसऱ्यापासून सुरुवात करू, कारण तिथे विचार करण्यासारखं फार काही नाही. त्याला काम देऊ नका. 'हातात किती' याचा अर्थ तुमचा आकडा एकदा कळला की वरचे पैसे त्याचे. तुम्ही १ कोटी १५ लाख म्हणालात तर पार्टीला, म्हणजे घर घेणाऱ्याला, १ कोटी २२ लाख सांगितले जातील, आणि मधले ७ लाख कुठून तरी फिरवावे लागतील. करारात १ कोटी २२ लाख लिहिले तर भांडवली नफ्याचा कर (घर विकून झालेल्या नफ्यावरचा) तुम्हाला तेवढी किंमत धरून बसतो. १ कोटी १५ लाख लिहिले तर फरक रोखीत फिरतो आणि त्यात तुमचंही नाव गुंततं. घरविक्रीत २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेतली तर घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो, हेही लक्षात ठेवा. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम २१६ प्रमाणे एजंटाने मालकाला अंधारात ठेवून स्वतःसाठी व्यवहार केला तर त्यातून झालेला फायदा मालक मागू शकतो. पण 'हातात अमुक द्या, बाकी तुमचं तुम्ही बघा' असं तुम्हीच कबूल केलंत की 'मला अंधारात ठेवलं' असं म्हणायला जागा उरत नाही.

राहिले दोघे. त्यांची निवड त्यांनी सांगितलेल्या आकड्यावरून करू नका. काम मिळवण्यासाठी चढा भाव सांगणं ही या धंद्यातली सर्वांत जुनी युक्ती आहे. मालकाला ऐकून बरं वाटतं, तो काम देतो, सहा आठवडे फोन थंड राहतो, आणि मग एजंट म्हणतो, "मार्केट स्लो आहे साहेब, थोडं खाली यावं लागेल." तोपर्यंत नुकसान झालेलं असतं. नव्या जाहिरातीला सर्वांत जास्त विचारणा पहिल्या दोन-तीन आठवड्यांत होते, कारण त्या भागात घर शोधत असलेले सगळे लोक ती तेव्हाच बघतात. तीच जाहिरात तीन महिन्यांनी कमी भावाने दिसली की प्रत्येक जण 'यात काहीतरी गडबड आहे' असं धरून चालतो आणि आणखी खाली मागतो. १ कोटी ३५ लाखांपासून सुरू झालेलं घर शेवटी १ कोटी १५ लाखांना जातं ते असं.

म्हणून दोघांनाही एकच गोष्ट मागा: गेल्या बारा महिन्यांत तुमच्या इमारतीत किंवा आजूबाजूच्या चार-पाच इमारतींत झालेल्या तीन विक्रींचे इंडेक्स २. नोंदवलेल्या प्रत्येक दस्ताचा हा गोषवारा. त्यावर दस्ताचा प्रकार, मोबदला, सरकारी बाजारभाव, क्षेत्रफळ आणि नोंदणीची तारीख असते. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर तो विनाशुल्क शोधता येतो. जिल्हा, गाव, वर्ष आणि सर्व्हे नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर टाकला की यादी येते. तुमचा सर्व्हे नंबर तुमच्याच करारनाम्यात आहे, त्यामुळे एजंटाने दाखवलेला कागद घरबसल्या पडताळून बघता येतो. पोर्टलवरचे (घरांच्या जाहिरातींच्या संकेतस्थळांवरचे) भाव पुरावा म्हणून घेऊ नका. ती मागणी असते, मिळालेली किंमत नसते.

इंडेक्स २ वाचताना दोन ठिकाणी चूक होते. एक क्षेत्रफळाची. काही दस्तांत कार्पेट लिहिलेलं असतं, काहींत बिल्टअप, म्हणजे भिंतींसकट. तुमचं ७२० कार्पेट हे कार्पेटवर वीस टक्के धरून बिल्टअपमध्ये ८६४ होतं. १ कोटी २० लाखांना ७२० ने भागलं तर चौरस फुटाला १६,६६७ रुपये येतात, ८६४ ने भागलं तर १३,८८९. म्हणजे घर तेच, किंमत तीच, आणि दरात २,७७८ रुपयांचा फरक. पहिल्या एजंटाचे १ कोटी ३५ लाख कार्पेटवर १८,७५० पडतात. या दराने तुमच्यासारख्या जुन्या इमारतीत विक्री झालेली त्याने दाखवली तर त्याचं म्हणणं खरं. लिफ्ट, पार्किंग आणि क्लबहाउस असलेल्या पाच वर्षांच्या इमारतीचा दर दाखवला तर नाही. दुसरी चूक दस्ताच्या प्रकाराची. बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र आणि घरातल्या घरात झालेली खरेदी यांवरून बाजारभाव काढता येत नाही. एकाच आडनावाचे दोन पक्ष दिसले की तो दस्त बाजूला ठेवा. रेडी रेकनरचा (सरकारने ठरवलेल्या मूल्याच्या तक्त्याचा) दर हा मुद्रांक शुल्क कशावर मोजायचं त्याचा तळ आहे, त्यावरून विक्रीची किंमत ठरवू नये. मात्र ते सरकारी मूल्य करारातल्या रकमेपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त असेल तर भांडवली नफा सरकारी मूल्यावर मोजतात. ही गोष्ट एजंट स्वतःहून सांगतो का, ते बघा.

आता ज्यावरून मी एजंट ओळखतो ती कसोटी. पहिल्या भेटीत तो तुमच्याकडे काय मागतो? भाव सांगून, चार फोटो काढून, "चावी ठेवा, उद्यापासून पार्टी आणतो" म्हणणारा एजंट नुसती गिऱ्हाइकं फिरवतो. काम जाणणारा आधी कागद मागतो, कारण ठरलेले व्यवहार कुठे मोडतात हे त्याला ठाऊक असतं. बिल्डरबरोबरचा मूळ नोंदणीकृत करारनामा आणि त्याची पावती, इंडेक्स २, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यायोग्य असल्याचा महापालिकेचा दाखला), मंजूर नकाशा, मिळकत करपावती, सोसायटीचा थकबाकी नसल्याचा दाखला: एवढं तो बघायला मागेलच. मधे एखादा मालक होऊन गेला असेल तर त्याच्या दस्तांची साखळीही.

यातली कोणती कडी तुटते तेही तो सांगू शकला पाहिजे. शेअर सर्टिफिकेटवर पती-पत्नी दोघांची नावं आहेत आणि एक हयात नाही, ही नेहमीची अडचण. नॉमिनी आहे म्हणून मालकी आली असं होत नाही. वारसांच्या सह्या किंवा हक्कसोडपत्र लागतं आणि त्याला आठवडे जातात. दुसरी अडचण फिटलेल्या कर्जाची. कर्ज संपून वर्षं झाली, पण मूळ करारनामा बँकेतच पडून आहे असं पुष्कळ घरांत असतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १ डिसेंबर २०२३ पासून कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत बँकेने मूळ कागद परत करायचे, उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यायची. कर्ज त्याआधी फिटलं असेल तर आजच अर्ज करा, पार्टी मिळाल्यावर नको. तिसरी अडचण भोगवटा प्रमाणपत्राची: ते नसेल किंवा बाल्कनी बंद करून नकाशाबाहेर बांधकाम केलं असेल, तर घेणाऱ्याच्या बँकेचा वकील किंवा मूल्यांकक तिथेच थांबतो. टोकन घेतल्यावर हे कळलं की किंमत पडते, कारण तोपर्यंत तुम्ही मनाने घर विकून बसलेले असता.

पार्किंगचाही नेमका प्रश्न विचारा: "जाहिरातीत पार्किंगबद्दल काय लिहाल?" बिल्डरला स्टिल्ट पार्किंग (इमारतीखालची खांबांमधली जागा) वेगळं विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सांगितलं आहे. सोसायटीत पार्किंगचं वाटप सोसायटी करते. करारात किंवा सोसायटीच्या नोंदीत काय आहे ते न बघता 'कव्हर्ड पार्किंगसह' असं छापणारा एजंट शेवटच्या बैठकीत तुम्हाला दोन-तीन लाखांनी खाली आणतो.

पुढचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: "पार्टी घर बघायला आणण्याआधी तिला काय विचारता?" उत्तर 'बजेट विचारतो' एवढंच असेल तर ते अपुरं आहे. १ कोटी २० लाखांच्या घराचं गणित मांडू. ७५ लाखांच्या वरच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ७५ टक्के देऊ शकते, म्हणजे ९० लाख. उरलेले ३० लाख घेणाऱ्याचे स्वतःचे. पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ८ लाख ४० हजार (स्त्रीच्या नावावर घेतलं तर एक टक्का कमी), नोंदणी फी ३० हजार, एक टक्का ब्रोकरेज १ लाख २० हजार. बेरीज जवळजवळ ४० लाख. एवढी रक्कम मोकळी आहे का, की आधी त्याचा स्वतःचा फ्लॅट विकला जायचा आहे? कर्जाचं मंजुरीपत्र आहे का? बँकेचं मूल्यांकन ठरलेल्या किमतीपेक्षा कमी आलं तर कर्ज त्या कमी आकड्यावर मिळतं, मग वरचा फरक तो कुठून आणणार? हे प्रश्न विचारणारा एजंट महिन्यात सहा पार्ट्या आणेल, न विचारणारा तीस आणेल. तीस पार्ट्यांनी मालक खूश होतो, पण घर सहांपैकीच कोणीतरी घेतं.

तिघांनाही एकदम काम द्यावं का? असं वाटणं साहजिक आहे, जितके जास्त लोक विकतील तितकं बरं. प्रत्यक्षात होतं असं: एकच फ्लॅट पोर्टलवर तीन फोटोंनिशी तीन भावांत दिसतो, कारण फोन आपल्याकडे यावा म्हणून प्रत्येक जण दुसऱ्यापेक्षा दोन लाख कमी लिहितो. घेणाऱ्याला वाटतं मालक नडलेला आहे. शिवाय उद्या घर गेलं की तिघांपैकी दोघांच्या हाती काही लागणार नसतं, म्हणून चांगले फोटो, जाहिरातीचा खर्च, कागद गोळा करणं यात कोणीच जीव ओतत नाही. एकाच पार्टीला दोघांनी घर दाखवलं तर ब्रोकरेज कोणाचं, हे भांडण तुमच्या दारात येतं. तुम्ही नाशिकला आहात, त्यामुळे एकाच माणसाला, पण मुदतीने आणि लेखी काम द्या. ६० दिवस पुरेसे आहेत. सहा महिने मागणाऱ्याला देऊ नका. एक अट मात्र हवीच: दुसऱ्या एजंटाने पार्टी आणली तर हा आपल्या ब्रोकरेजमध्ये त्याला वाटा देईल. दोन्ही बाजूंचं ब्रोकरेज आपल्यालाच मिळावं म्हणून दुसऱ्यांच्या पार्ट्या परतवणारे एजंट असतात. "तो फ्लॅट गेला" एवढं फोनवर सांगितलं की काम होतं, आणि मालकाला पत्ताही लागत नाही.

आता महारेराच्या, म्हणजे बांधकाम प्रकल्प आणि एजंट यांच्यावर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, नोंदणीबद्दल. स्थावर संपदा कायदा २०१६ प्रमाणे नोंदणीकृत प्रकल्पांतली घरं विकून देणाऱ्या एजंटाला नोंदणी सक्तीची आहे. महाराष्ट्रात २०२३ च्या आदेशानंतर त्यासाठी प्रशिक्षण आणि परीक्षाही लागते. तुमची २००६ ची इमारत त्या सक्तीत येत नाही, तरी नोंदणी नसलेल्याला काम देऊ नका. 'ए' ने सुरू होणारा क्रमांक मागा आणि महारेराच्या संकेतस्थळावर नाव व मुदत जुळवून बघा. नोंदणी पाच वर्षांची असते. भिंतीवरचं प्रमाणपत्र दुसऱ्याच्या नावाचं किंवा संपलेलं असणं अगदीच दुर्मीळ नाही. नोंदणी म्हणजे प्रामाणिकपणाची हमी असं समजू नका. तक्रार करायची वेळ आली तर माणूस सापडेल, एवढा तिचा उपयोग आहे.

ब्रोकरेज पुनर्विक्रीत बहुतेक १ ते २ टक्के असतं आणि पुष्कळ एजंट दोन्ही बाजूंकडून घेतात. दोन्हीकडून घेणार असेल तर ते आधी लिहून घ्या. एजंट जीएसटी नोंदणीकृत असेल तर त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १ लाख २० हजारांवर २१,६०० रुपये. 'एक टक्का' यात तो धरला आहे की वेगळा, हे विचारा. आता टक्केवारीकडे जरा एजंटाच्या बाजूने बघा. १ टक्क्याने काम करणाऱ्याला १ कोटी १५ लाखांचे १ कोटी २० लाख केल्यावर फक्त ५,००० रुपये जास्त मिळतात. तुमचे ५ लाख त्याच्यासाठी ५ हजार आहेत, म्हणून बैठकीत तो "घेऊन टाका, पार्टी हातची जाईल" म्हणतो. हे टाळायचं तर टप्पे ठरवा: इंडेक्स २ वरून निघालेल्या किमतीपर्यंत १ टक्का, त्यावर मिळालेल्या रकमेवर ५ टक्के. म्हणजे १ कोटी १५ लाखांच्या वरच्या ५ लाखांवर त्याला २५ हजार मिळतात आणि बैठकीत तो तुमच्या बाजूने बसतो. तिसऱ्या एजंटाच्या 'वरचे माझे' यापेक्षा हे वेगळं आहे, कारण इथे खरी किंमत तुम्हाला दिसते.

पैसे कधी द्यायचे हेही आधीच ठरवा. टोकनच्या दिवशी काही नाही. निम्मं साठेखताची (विक्रीच्या कराराची) नोंदणी झाल्यावर, निम्मं घेणाऱ्याच्या बँकेची शेवटची रक्कम तुमच्या खात्यात आल्यावर. पूर्ण ब्रोकरेज नोंदणीलाच मागण्याची पद्धत आहे, पण नोंदणी आणि कर्जवाटप यांच्यामधल्या ३० ते ४५ दिवसांतच एजंटाची खरी गरज असते: सोसायटीचं पत्र, बँकेच्या वकिलाच्या शंका, टीडीएस (किमतीतून कापून सरकारकडे भरायचा कर). किंमत ५० लाख किंवा जास्त असली की घेणारा १ टक्का टीडीएस कापतो; तुमच्या बाबतीत १ लाख २० हजार. तो तुमच्या पॅनवर भरला गेला याचं प्रमाणपत्र एजंटाने मिळवून द्यायचं. (मालक अनिवासी भारतीय असेल तर टीडीएसचं गणित पूर्ण वेगळं असतं, तिथे आधी सीए गाठा.) सोसायटीच्या नावाने वाटेल तो आकडा सांगितला तर मान्य करू नका. महापालिका हद्दीत सोसायटीला हस्तांतरण अधिमूल्य (फ्लॅट नव्या मालकाच्या नावावर करण्याचे पैसे) जास्तीत जास्त २५ हजार घेता येतं. विक्रीच्या इराद्याची सूचना सोसायटीला १५ दिवस आधी द्यायची असते, ती टोकनच्या आठवड्यातच गेली पाहिजे.

ब्रोकरेज बँकेतून द्या आणि बिल घ्या. विक्रीसाठी दिलेलं ब्रोकरेज भांडवली नफ्यातून वजा होतं. बिल नसेल तर ते दाखवता येत नाही. बिल देत नाही म्हणणाऱ्याचा स्वस्त दर त्यामुळे महागात पडतो.

लेखी करारात किमान मागणी, मुदत, ब्रोकरेजचे टप्पे आणि दुसऱ्या एजंटाचा वाटा यांच्याबरोबर आणखी दोन वाक्यं हवीत. टोकन थेट मालकाच्या खात्यात जमा होईल, एजंट स्वतःकडे घेणार नाही. आणि तुमच्या ओळखीच्या ज्या लोकांशी आधीच बोलणं झालं आहे (वरच्या मजल्यावरचे शेजारी, नात्यातलं कोणी), त्यांची नावं लिहून त्यांना विकल्यास ब्रोकरेज लागणार नाही. विक्रीचं कुलमुखत्यारपत्र एजंटाला कधीही देऊ नका. नाशिकहून पुण्याला नोंदणीसाठी एक दिवस येणं काही अवघड नाही.

रिकाम्या फ्लॅटची चावी सोसायटीच्या कार्यालयात किंवा शेजाऱ्यांकडे ठेवा आणि वहीत नोंद होऊ द्या: तारीख, वेळ, एजंटाचं नाव, पार्टीचं नाव. ही वही पुढे पुराव्याच्या कामी येते. वीज चालू ठेवा, नळ आठवड्यातून एकदा सोडायला सांगा. बंद घराचा वास पहिल्याच पार्टीला लागतो.

काम दिल्यानंतर दहाव्या दिवशी एखाद्या मित्राला जाहिरातीवरच्या नंबरवर फोन करायला सांगा. फोन किती वेळात उचलला, भाव ठरलेलाच सांगितला का, कार्पेट बरोबर सांगितलं का, हे त्याने टिपून घ्यावं. मग मित्राने सहज विचारावं, "काही कमी होईल का?" चांगला एजंट म्हणतो, "आधी घर बघा, पटलं तर मालकांबरोबर बैठक लावतो." "होईल हो, मालक बाहेरगावी असतात, त्यांना लवकर मोकळं व्हायचंय" असं उत्तर आलं, तर पहिल्या फोनवरच तुमचे तीन लाख गेले. असा प्रकार कळला की मुदतीची वाट बघत बसू नका. मुदतीआधी सात दिवसांच्या लेखी सूचनेने काम काढून घेता येईल, हे कलम करारात याचसाठी घालून घ्यायचं असतं.

मुदत विक्री न होता संपली, तर ज्यांना घर दाखवलं त्यांची नावं-तारखांची यादी एजंटाने सात दिवसांत द्यायची आणि जाहिराती उतरवायच्या. पुढच्या ९० दिवसांत त्या यादीतल्याच कोणी घर घेतलं तर ब्रोकरेज त्याचं. यादीत नसलेल्या माणसावर त्याचा हक्क नाही. नव्या एजंटाला ही यादी पहिल्याच दिवशी दाखवा, म्हणजे तीच पार्टी दोघांच्या नावावर लागणार नाही.